लाइट रेलची मेट्रो झाली, मार्गही ठरला. मग ठाणेकरांनी सूचना करायच्या तरी कशावर?

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटरचं अंतर कापून ठाण्याला पोहोचली. देशातली ही पहिली प्रवासी रेल्वे. त्यानंतर ठाणेकर मुंबईला रेल्वेने जायला लागले, कल्याणला जायला लागले, नंतर वाशीलाही जायला लागले. पण वागळे इस्टेटमधून हिरानंदानी इस्टेटला जायचं असेल, तर आजही रिक्षा, बस नाहीतर स्वतःची गाडी.

शहराच्या आत फिरण्यासाठी म्हणून रेल्वे मंजूर व्हायला १७१ वर्षं लागली. १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ठाणे इंटिग्रल रिंग मेट्रोला मंजुरी दिली. २९ किलोमीटरचा मार्ग, २२ स्टेशनं, १२,२०० कोटी रुपये खर्च आणि २०२९ हे उद्दिष्ट.

बातमी आली, पेढे वाटून झाले आणि मग नेहमीची चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं स्टेशन आमच्या सोसायटीजवळ हवं, कुणी म्हणालं खांब आमच्या दारात नको, कुणी म्हणालं आधी खड्डे बुजवा. यातल्या बऱ्याच सूचना मनापासूनच्या असतात, पण चुकीच्या वेळी आणि चुकीच्या दारात जातात. जे अजून बदलता येण्यासारखं आहे, त्यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

म्हणून हा प्रश्न नीट समजून घेऊया. एखाद्या शहरी रेल्वेचा मार्ग ठरल्यावर तिथल्या रहिवाशाच्या हातात नेमकं काय उरतं?

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू

ठाण्याच्या या मार्गाने दोनदा रूप बदललं आहे. सुरुवातीला, २०१९ च्या आसपास, ही अंतर्गत मेट्रो म्हणून पुढे आली. तेव्हा खर्चाचा आकडा १३ हजार कोटींच्या घरात होता. एवढी मोठी मेट्रो कशाला, त्याऐवजी हलकी आणि स्वस्त व्यवस्था बघा, असा विचार पुढे आला. त्यातून २०२१ मध्ये लाइट रेलचा प्रस्ताव तयार झाला. त्याचा खर्च सुमारे ७ हजार कोटी होता. पुढे पुन्हा चक्र फिरलं आणि शेवटी मंजुरी मिळाली ती मेट्रोलाच.

लाइट रेल म्हणजे मेट्रोचं धाकटं भावंडं. डबे कमी, गाडी हलकी, स्टेशन छोटं. ती उड्डाणमार्गावर धावू शकते, तशी रस्त्याच्या पातळीवर वेगळ्या पट्ट्यातूनही धावू शकते. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये याच जातीच्या व्यवस्थेसाठी 'मेट्रोलाइट'चे निकष जाहीर केले. गर्दीच्या तासाला एका दिशेने सुमारे १५ हजारांपर्यंत प्रवासी असतील, तिथे ही व्यवस्था पुरते असं त्यामागचं गणित आहे.

मग ठाण्याला काय योग्य होतं? मंजूर प्रकल्पाच्या अंदाजानुसार २०२९ मध्ये या मार्गावर रोज ६ लाख ४७ हजार प्रवासी असतील, २०३५ मध्ये ७ लाख ६१ हजार आणि २०४५ मध्ये ८ लाख ७२ हजार. हे आकडे खरे ठरले, तर मोठी मेट्रो घेणं शहाणपणाचं ठरेल. पण ते खरे ठरतील का, याचं उत्तर रुळांवर कमी आणि स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर जास्त अवलंबून आहे.

आकडे कागदावर आणि आकडे फलाटावर

शेजारचीच तीन उदाहरणं घ्या.

मुंबईची मेट्रो १, म्हणजे वर्सोवा ते घाटकोपर, जून २०१४ मध्ये सुरू झाली. लांबी फक्त ११.४ किलोमीटर, स्टेशनं १२. तरीही कामाच्या दिवशी चार लाखांहून जास्त लोक तिने जातात. कारण अंधेरी आणि घाटकोपर या दोन्ही ठिकाणी मेट्रोच्या स्टेशनातून थेट लोकलच्या पुलावर जाता येतं. रस्त्यावर उतरावंच लागत नाही.

पुणे मेट्रोचे पहिले दोन मार्ग मिळून साधारण ३३ किलोमीटर, म्हणजे ठाण्याच्या रिंगपेक्षा थोडे लांबच. २०२५ च्या सुरुवातीला तिथली रोजची प्रवासीसंख्या दीड लाखाच्या आसपास होती. ती वाढते आहे, पण ६ लाख ४७ हजार हा आकडा किती मोठा आहे, ते यावरून कळतं.

तिसरं उदाहरण मुंबईच्या मोनोरेलचं. चेंबूर ते वडाळा हा टप्पा २०१४ मध्ये सुरू झाला, संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा टप्पा मार्च २०१९ मध्ये. लांबी जवळपास २० किलोमीटर. पण लोकलशी, बसशी, नोकरीच्या ठिकाणांशी धड जोडणी नाही आणि गाड्या कमी, त्यामुळे ती कायम रिकाम्या स्टेशनांसाठीच ओळखली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्ती आणि सुधारणांसाठी ती बंद ठेवावी लागली.

म्हणजे गाडी मोठी की छोटी, यापेक्षा ती कशाला जोडलेली आहे, हा मुद्दा जास्त महत्त्वाचा ठरतो. ठाण्यातल्या रहिवाशाच्या सूचनेची जागा इथेच आहे.

सूचना देण्याची वेळ कधी असते?

महाराष्ट्रात 'हरकती आणि सूचना' हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल, तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि लोकांना म्हणणं मांडायला एक महिना मिळतो. झाडं तोडायची असतील, तर वृक्ष प्राधिकरणाची जाहीर सूचना निघते. तिची मुदत साधारण सात दिवसांची असते.

अडचण अशी की या नोटिसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छोट्या अक्षरात येतात. कळेपर्यंत मुदत संपलेली असते.

ठाण्यात आणखी एक गोष्ट घडली. महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार होता. लाइट रेलवरून पुन्हा मेट्रोकडे वळण्याचा आणि अंतिम मंजुरीचा काळ नेमका यातच येतो. एरवी माणूस नगरसेवकाला गाठतो, 'जिना इकडे नको, तिकडे घ्या' असं सांगतो. शहराच्या सगळ्यात मोठ्या प्रकल्पाचा निर्णय झाला, तेव्हा गाठायला नगरसेवकच नव्हता.

मग आता काय उरलं आहे?

मार्ग ठरला. तो बदलायचा म्हणजे खर्चाचं सगळं गणित नव्याने मांडून पुन्हा दिल्लीपर्यंत जायचं. ते होणं जवळपास अशक्य. स्टेशनांची साधारण जागाही ठरली. पण जिने कुठे उतरतील, सरकता जिना आणि लिफ्ट कोणत्या बाजूला, पादचारी पूल कुठपर्यंत जाईल, बस कुठे थांबेल, रिक्षा कुठे उभी राहील, फुटपाथ किती रुंद असेल, काम चालू असताना रस्ता किती काळ आणि किती रुंदीने अडवला जाईल, या गोष्टी तपशीलवार आराखड्यात ठरतात. त्यातल्या काही तर काम सुरू झाल्यावरही बदलता येतात.

समजा, लोकमान्य नगरमध्ये राहणारी एक बाई पातलीपाड्याजवळच्या एका दवाखान्यात कामाला जाते. तिच्या दृष्टीने २९ किलोमीटरच्या मार्गापैकी महत्त्वाचे आहेत ते पहिले ४०० मीटर आणि शेवटचे ४०० मीटर. हे आठशे मीटर धड नसतील, तर मधली मेट्रो कितीही वातानुकूलित असली, तरी ती शेअर रिक्षाच पकडणार.

तिने सूचना लिहायला घेतली, तर त्यात काय असावं?

पहिली सूचना: नाव एक असलं म्हणजे स्टेशन एक होत नाही

प्रस्तावित रिंगच्या स्टेशनांच्या यादीत मानपाडा, डोंगरीपाडा, बाळकुम नाका ही नावं आहेत. मानपाडा आणि डोंगरीपाडा ही नावं वडाळा–कासारवडवली या मेट्रो ४ च्या यादीतही आहेत. बाळकुम नाका ठाणे–भिवंडी–कल्याण या मेट्रो ५ च्या यादीतही आहे. नकाशावर दोन रेघा एकमेकींना छेदताना दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, इथे गाडी बदलता येणार.

पण रिंग मेट्रोची जबाबदारी महामेट्रोकडे आहे. मेट्रो ४ आणि ५ एमएमआरडीएकडे. ठाणे स्थानक मध्य रेल्वेचं. बस टीएमटीची. चार घरं, चार कुलपं. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर पावसात न भिजता, तिकीट पुन्हा न काढता जाता येईल का, हे कोणत्याही एका संस्थेच्या कामात आपोआप बसत नाही.

आयर्लंडच्या राजधानीने, डब्लिनने, याची किंमत मोजली आहे. २००४ मध्ये तिथे लुआस नावाची लाइट रेल सुरू झाली. लाल आणि हिरवा असे दोन मार्ग. पण शहराच्या मध्यभागी दोन्ही मार्ग एकमेकांना भेटतच नव्हते. एकातून उतरून दुसऱ्यापर्यंत भर बाजारातून पंधरा मिनिटं चालत जावं लागायचं. लोक वर्षानुवर्षं याबद्दल बोलत राहिले. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये, १३ वर्षांनी, जोडणारा नवा मार्ग सुरू झाला. त्यासाठी ३६ कोटींहून जास्त युरो खर्च आला.

म्हणून पहिली सूचना अशी: डोंगरीपाडा, मानपाडा आणि बाळकुम नाका इथे दोन मार्गांच्या स्टेशनांमधलं चालण्याचं अंतर मीटरमध्ये जाहीर करा आणि जोडपुलाचं काम स्टेशनाच्या कंत्राटातच धरा. 'नंतर बघू' म्हणून ठेवलेला पूल नंतर कुणाचाच नसतो.

दुसरी सूचना: जिना जिथे माणसं आहेत तिथे उतरवा

मंजूर मार्गापैकी २६ किलोमीटर उन्नत आहे, म्हणजे खांबांवर. उरलेले ३ किलोमीटर जमिनीखाली. २० स्टेशनं वर, २ खाली. उन्नत स्टेशनाचा फलाट साधारण तीन-चार मजले उंचावर असतो.

लाइट रेल रस्त्याच्या पातळीवर असती, तर फुटपाथवरून थेट डब्यात पाय ठेवता आला असता. मेट्रोत ती सोय नाही. म्हणून जिना आणि लिफ्ट कुठे येतात, याला इथे जास्त महत्त्व आहे. रस्ता ओलांडण्यासाठी स्टेशनाचाच पूल वापरता आला आणि त्यासाठी तिकीट लागलं नाही, तर प्रवास न करणाऱ्यालाही त्याचा फायदा होतो.

इथे 'लिफ्ट द्या' एवढं लिहून उपयोग नाही, कारण लिफ्ट आराखड्यात असणारच. लिहायचं असं: रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिफ्ट हवी, बाजाराच्या किंवा बस डेपोच्या बाजूला एक जिना हवा, आणि जिन्याच्या पायथ्याशी उरणारा फुटपाथ इतका रुंद हवा की समोरासमोर येणारी दोन माणसं आणि एक व्हीलचेअर अडकणार नाही. मुंबईत कित्येक ठिकाणी पुलाचा जिना फुटपाथच गिळून टाकतो आणि चालणारा रस्त्यावर उतरतो. ठाण्यात हे टाळणं अजून हातात आहे.

तिसरी सूचना: बस आधी, मेट्रो नंतर

केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात स्टेशनापासून पाच किलोमीटरपर्यंतचा परिसर हे त्या स्टेशनाचं प्रवासी क्षेत्र मानलं आहे. तिथून स्टेशनापर्यंत पोहोचायची सोय कशी करणार, हे राज्याने प्रकल्प अहवालातच सांगायचं असतं. त्यात पूरक बससेवा आली, पदपथ आले, सायकलमार्गही आले. म्हणजे पूरक बस मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं होत नाही. ती धोरणातलीच अट आहे.

ठाण्यात टीएमटी १९८९ पासून आहे. तिच्याकडे बसची कमतरता आहे, हे थांब्यावर अर्धा तास उभं राहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. मेट्रो सुरू झाल्यावर बसचे मार्ग आखायला घेतले, तर पहिली दोन वर्षं लोक रिक्षाचीच सवय लावून घेतील. ती सवय मग मोडत नाही.

तेव्हा सूचना अशी: प्रत्येक स्टेशनाला जोडणाऱ्या छोट्या बसचे मार्ग उद्घाटनाच्या किमान सहा महिने आधी सुरू करा. शेअर रिक्षाचे थांबेही जिन्याजवळच नेमून द्या, कारण ठाण्यात शेअर रिक्षा ही प्रत्यक्षातली पूरक सेवाच आहे. तिला हटवण्यापेक्षा तिला जागा देणं सोपं.

चौथी सूचना: खणण्याआधी खाली काय आहे ते बघा

घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना मेट्रोचं काम म्हणजे काय, हे वेगळं सांगण्याची गरज नाही. मेट्रो ४ चं काम २०१८ पासून सुरू आहे. गायमुखकडच्या टप्प्याची चाचणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. मधल्या सात वर्षांत पत्रे, वळणं, कोंडी हेच रोजचं जगणं होतं.

उशीर नेमका कुठे होतो, हे बाहेरच्या दोन शहरांनी चांगलंच अनुभवलं आहे. एडिनबरामध्ये ट्राम बांधताना जमिनीखालच्या जलवाहिन्या, गॅसवाहिन्या आणि तारा हलवण्यात काम अडकलं, कंत्राटदाराशी वाद झाला. ५४ कोटी ५० लाख पौंडांचं अंदाजपत्रक ७७ कोटी ६० लाखांवर गेलं आणि तरीही २०१४ मध्ये मार्ग अर्धवटच सुरू झाला. उरलेला न्यूहेवनपर्यंतचा टप्पा यायला २०२३ उजाडलं. सिडनीमध्येही भर बाजारातला जॉर्ज स्ट्रीट खणल्यावर जमिनीखालच्या विजेच्या तारांवरून वाद पेटला. तिथला खर्च १६० कोटी डॉलरवरून ३०० कोटींच्या पुढे गेला. धंदा बुडालेल्या छोट्या दुकानदारांना भाड्यासाठी मदत देण्याची वेळ सरकारवर आली.

ठाण्यात सगळ्यात नाजूक भाग ठाणे स्थानकाजवळचा. जुनी वस्ती, अरुंद रस्ते, भाजीवाले, फूलवाले, सॅटिसचा पूल आणि रोजचे लाखो प्रवासी. इथली सूचना साधी आहे. वाहिन्या आधी हलवा, मग पत्रे लावा. एका वेळी किती मीटर रस्ता अडवणार आणि किती महिन्यांसाठी, याचं वेळापत्रक आधी जाहीर करा आणि ते त्याच पत्र्यांवर मोठ्या अक्षरात लिहा. ज्या दुकानांसमोर पत्रे येतील, त्यांच्यापर्यंत हातगाडी आणि माणूस पोहोचेल एवढी वाट ठेवा.

पैसे कोण देतंय?

'प्रकल्प केंद्राचा आणि राज्याचा, आपण काय बोलणार' असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात केंद्र आणि राज्य समान भागभांडवल घालणार आहेत आणि काही रक्कम परदेशी वित्तसंस्थांच्या कर्जातून येणार आहे. स्टेशनांच्या नावाचे हक्क विकणं, जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून वाटा घेणं हे मार्गही मंजुरीत आहेत.

शिवाय १ एप्रिल २०२२ पासून ठाण्यात घर घेणारा माणूस मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार भरतोच आहे. ६० लाखांच्या घरावर हे ६० हजार रुपये होतात. वीस वर्षांच्या गृहकर्जातून घर घेणाऱ्याने मेट्रोचं पहिलं तिकीट कधीच काढलं आहे. जिना कुठे हवा हे सांगण्याचा हक्क त्याला वेगळा मागायची गरज नाही.

चांगली सूचना कशी लिहायची?

समाजमाध्यमावर टाकलेली पोस्ट हजार लोक वाचतात, पण तिला आवक क्रमांक मिळत नाही. कार्यालयात दिलेल्या पत्राला मिळतो. पुढे पाठपुरावा त्या क्रमांकावरूनच होतो.

पत्रात एका वेळी एकच स्टेशन आणि एकच मागणी असावी. जागा नेमकी सांगावी. कोणत्या चौकात, कोणत्या बाजूला, कोणत्या थांब्याशेजारी, हे लिहावं. शक्य असेल तर मोबाईलवर काढलेला फोटो आणि सकाळी नऊ ते दहा या वेळात तिथून किती माणसं रस्ता ओलांडतात याची मोजणी जोडावी. सोसायटीतली चार मुलं एका तासात ही मोजणी करू शकतात. स्टेशनाचा आराखडा हवा असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. त्याला ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आणि पत्राची प्रत महामेट्रो, महापालिका आणि टीएमटी या तिघांनाही जायला हवी, म्हणजे 'हे आमच्याकडे येत नाही' असं म्हणायला कुणाला जागा राहत नाही.

२०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. आज ती बरीच वाढली आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्यामुळे शहराला रस्ते रुंद करायला जागा नाही. रिंग मेट्रो यशस्वी होणं ही ठाण्याची गरज आहे, आणि रोजचे ६ लाख ४७ हजार प्रवासी हे गणित लोकमान्य नगरच्या त्या बाईसारख्या माणसांवरच उभं आहे.

लाइट रेल हवी होती की मेट्रो, हा वाद आता संपला आहे. तिच्या घरापासून स्टेशनाच्या जिन्यापर्यंतचे ४०० मीटर मात्र अजून कुणी आखलेले नाहीत. ते आखायला बसतील तेव्हा टेबलावर तिचं पत्र असलं पाहिजे.